आभार कोणाच्या भाषेत मानावेत?



बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागला की लातूर आणि नांदेड या दोन शहरांत घरोघरी एकच विषय असतो. ‘लातूर पॅटर्न’चे नाव ऐकून दूरदूरची मुले येथे खोल्या घेऊन राहतात, शिकवणी वर्गांना जातात आणि डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहतात. सरकारी महाविद्यालयात जागा मिळते ती थोड्यांनाच. खाजगी महाविद्यालयाची फी बहुतेकांना झेपत नाही. मग काही घरांतून परदेशाची चौकशी सुरू होते आणि त्यात फिलिपिन्सचे नाव निघते. त्या देशाच्या दक्षिणेला मिंदानाओ बेटावर दावाओ नावाचे मोठे शहर आहे. तेथील दावाओ मेडिकल स्कूल फाउंडेशन या संस्थेत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकले आहेत.

फिलिपिन्समध्ये शिकवणे इंग्रजीतून चालते, त्यामुळे पालकांना वाटते की भाषेची अडचण नाही. वर्गात ती नसतेही. पण रुग्णालयातल्या खाटेवर पडलेली म्हातारी इंग्रजीत कण्हत नाही. दावाओच्या बाजारात, बसमध्ये आणि रुग्णालयात जी भाषा कानावर पडते ती सेबुआनो. तिला तेथील लोक ‘बिसाया’ असेही म्हणतात. सुमारे दोन कोटी लोकांची ही मातृभाषा आहे. तिचे नाव सेबू या बेटावरून पडले. मनिलाकडची तागालोग भाषा वेगळी आणि ही वेगळी.

येथे एक प्रश्न उभा राहतो. तो साधा दिसतो, पण तसा नाही. ज्या भाषेचे व्याकरण आपल्याला येत नाही, जी आपण काही वर्षांनी सोडून परत येणार, तिच्यातले ‘नमस्कार’, ‘कृपया’, ‘आभारी आहे’ एवढेच शब्द पाठ करणे हा खरा आदर आहे की नुसते नाटक? पोपटही ‘विठू विठू’ म्हणतो. त्याला आपण भक्त म्हणत नाही. मग पाठ केलेल्या शिष्टाचाराला सद्गुण का म्हणावे?

उत्तराआधी ते शब्द तरी पाहू या.

सेबुआनोत सकाळी भेटल्यावर म्हणतात ‘मायोंग बुन्ताग’. दुपारी बाराच्या सुमारास ‘मायोंग उद्तो’, दुपारनंतर ‘मायोंग हापोन’ आणि रात्री ‘मायोंग गाबिई’. यातला ‘मायो’ म्हणजे चांगले, बरे. गंमत अशी की याच्याच मूळ धातूवरून आजारातून उठण्याचा शब्द होतो. रोगी बरा झाला की तेथे म्हणतात ‘नाआयो’. आपल्या ‘बरे’ या शब्दाचेही असेच आहे. आपण ‘बरं हाय का?’ असे विचारतो आणि दुखणाईत उठून बसला की ‘बरा झाला’ असेच म्हणतो. गोव्याचे ख्रिस्ती लोक आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात, त्यातही हेच ‘बरें’ आहे. म्हणजे आपल्याकडून गेलेला विद्यार्थी सकाळी वॉर्डात शिरताना ‘मायोंग बुन्ताग’ म्हणतो, तेव्हा त्याला ठाऊक असो वा नसो, रोग्याला जे हवे आहे त्याचाच शब्द त्याच्या तोंडी असतो.

आभारासाठी शब्द आहे ‘सालामात’. फार आभार मानायचे तर ‘दाघांग सालामात’. मराठवाड्यातल्या माणसाला हा शब्द परका वाटायला नको. अरबीतला ‘सलाम’, म्हणजे शांती आणि सुरक्षितता, हा त्याचा उगम मानला जातो. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर मलय भाषेतून तो फिलिपिन्सला पोहोचला. आपल्याकडे तोच शब्द फारसी-उर्दूतून आला. नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ‘सलामत रहो’ हा म्हाताऱ्या माणसांचा आशीर्वाद आणि ‘शिर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण आपल्याकडे अजून चालते. आपण ज्या शब्दाने सुखरूपपणा मागतो, त्याच शब्दाने ते आभार मानतात. ‘तू माझे काम केलेस’ याला त्यांचे उत्तर शब्दशः घेतले तर ‘तू सुखरूप राहा’ असे होते.

‘सालामात’ला उत्तर असते ‘वालाय सापायान’. ‘वालाय’ म्हणजे नाही. आपण ‘त्यात काय एवढं!’ म्हणतो, त्यातलाच हा भाव. काही मागायचे असेल तर ‘पालीहुग’ म्हणायचे. याच्या मुळाशी दुसऱ्याला आपले एखादे काम सांगणे हा अर्थ आहे. म्हणजे ‘पालीहुग’ म्हणताना माणूस कबूल करतो की हे काम माझे आहे आणि करणार तुम्ही आहात. चुकल्यावर म्हणायचे ‘पासाय्लोआ को’, मला क्षमा करा. सेबुआनोत प्रभूची प्रार्थना म्हणताना पापांच्या क्षमेसाठी हाच शब्द येतो. बसमध्ये पाय तुडवला गेला तरी हा शब्द आणि देवापुढेही हाच. ‘कुमुस्ता’ हा कसे काय आहात असे विचारण्याचा शब्द स्पॅनिशमधून आलेला आहे. स्पेनचे राज्य तेथे १५६५ पासून १८९८ पर्यंत होते, त्याची ही खूण.

आणखी दोन शब्द आम्हांला फार आवडले. कोणाच्या घरी गेले की दारात उभे राहून ‘आयो!’ अशी हाक द्यायची. आतून ‘दायोन!’ असे उत्तर येते, म्हणजे ‘या आत’. आपल्या खेड्यात ‘हाय का कुणी घरात?’ आणि ‘या, बसा’ असे चालते, अगदी तसेच.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. पाठ केलेले सभ्य शब्द खोटे असतात का?

इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ खोटे बोलण्याच्या बाबतीत अतिशय कडक होता. कोणाचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, इथपर्यंत त्याची मजल गेली. पण शिष्टाचाराच्या शब्दांना त्याने खोटे म्हटले नाही. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मानववंशविषयक व्याख्यानांत तो या शब्दांना खुर्दा मानतो. खुर्दा म्हणजे सोने नव्हे, हे देणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून त्यात कोणाची फसवणूक होत नाही. पण बाजारात खुर्दाच नसेल तर व्यवहार ठप्प होतो, आणि हा खुर्दा खेळता राहिला तर कधीतरी त्याचे खरे सोनेही होते.

ॲरिस्टॉटलनेही वेगळ्या शब्दांत हेच शिकवले. वीणा वाजवून वाजवून माणूस वीणावादक होतो, आणि न्यायाची कृत्ये करून करून न्यायी होतो. आधी मन पूर्ण शुद्ध होऊ दे, मग मी ‘आभारी आहे’ म्हणेन, असे जो म्हणतो त्याच्या तोंडून तो शब्द कधी बाहेर पडायचा नाही. लहान मुलाला आपण हात जोडायला शिकवतो तेव्हा त्याला नमस्काराचा अर्थ कळत नसतो. हात आधी जुळतात आणि अर्थ मागून येतो.

संत थॉमस अक्विनास यांनी याहून पुढचा विचार मांडला. ‘सुम्मा’ या ग्रंथात त्यांनी असा प्रश्न घेतला आहे की रोजच्या वागण्यातला गोडवा हा न्यायाचा भाग आहे की नाही. त्यांचे उत्तर ‘आहे’ असे आहे. माणूस स्वभावानेच समाजात राहणारा प्राणी आहे. एकमेकांशी सौजन्याने वागल्याशिवाय समाजात राहणे शक्य नाही. म्हणून हे सौजन्य आपण दुसऱ्याला देणे लागतो. ते कोर्टात वसूल करता येत नाही, पण देणे ते देणेच.

हा विचार मान्य केला की परक्या भाषेतले चार शब्द शिकणे ही हौस राहत नाही. देणेकऱ्याने देणे चुकवायचे ते घेणाऱ्याच्या उपयोगी पडेल अशा नाण्यात. दावाओच्या भाजीवालीला मराठीत ‘आभारी आहे’ म्हटले तर आपले मन मोकळे होईल, तिच्या पदरात काही पडणार नाही. तिच्या भाषेत, मोडक्या उच्चारात ‘सालामात, नांग’ म्हटले तर तिचे तिला मिळाले. शिवाय दुसऱ्याच्या भाषेत बोलू लागलेला माणूस लहान होतो. मोठा शिकलेला गृहस्थ पाच वर्षांच्या पोरासारखा अडखळतो आणि समोरचे हसतात. तेवढ्यापुरता समोरचा माणूस गुरू आणि आपण शिष्य. हे लहानपण ज्याला सोसवत नाही तो सगळ्यांनी आपल्या भाषेत यावे म्हणून वाट पाहत बसतो.

पण शब्द जमवणे आणि सौजन्य शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इतिहासात याचे उदाहरण सेबू बेटावरच सापडते. १५२१ च्या एप्रिलमध्ये मॅगेलनची जहाजे तेथे पोहोचली. त्याच्यासोबत अंतोनियो पिगाफेत्ता नावाचा इटालियन लेखक होता. त्याने स्थानिक लोकांच्या भाषेतले दीडशेच्या वर शब्द टिपून ठेवले. त्यात शरीराचे अवयव आहेत, तांदूळ आहे, सोने आहे. सेबुआनो शब्दांची ही सर्वांत जुनी लेखी यादी. त्याच महिन्यात सेबूचा राजा हुमाबोन आणि त्याची राणी यांचा बाप्तिस्मा झाला आणि राणीला बाळ येशूची मूर्ती भेट मिळाली. ‘सांतो निन्यो’ म्हणून ती आजही सेबूत पूजली जाते. हे सर्व झाले, आणि पाहुण्यांना सेबूत येऊन तीन आठवडे होण्याच्या आत, २७ एप्रिलला, शेजारच्या मॅक्तान बेटावर लढाई होऊन मॅगेलन मारला गेला. तेथील प्रमुख लापुलापू याने शरण यावे असा त्याचा हट्ट होता. शब्दांची यादी हाती असूनही ‘आयो’ म्हणून दारात थांबण्याची आणि आतून ‘दायोन’ येईपर्यंत वाट पाहण्याची रीत त्याने पाळली नाही.

याच्या उलट आपल्याकडचे उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. ते मराठी आणि कोकणी शिकले. १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मागे १६४० साली रायतूर येथे छापले गेले. परक्या माणसाने आपल्याशी आपल्या ओवीत बोलावे यासाठी त्याला आयुष्याची चाळीस वर्षे येथे काढावी लागली.

येथपर्यंत बहुतेकांना पटेल. पुढचा भाग जरा बोचणारा आहे, कारण तो दावाओचा नसून आपल्या दाराशेजारचा आहे.

तागालोगमध्ये आदर दाखवायचा तर वाक्यात ‘पो’ हा शब्द घालतात. सेबुआनोत तसा शब्द नाही. तेथे नात्याने हाक मारली की आदर झाला. वयाने मोठ्या पुरुषाला ‘नोंग’, बाईला ‘नांग’, लहान मुलाला ‘दोंग’, मुलीला ‘दाय’. थोरांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा ही तेथील आशीर्वाद मागण्याची पद्धत. गोव्यातील ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या रोजरीनंतर मुले थोरांकडे ‘बेसांव’ मागतात, तिची येथे आठवण होते. आपणही नात्याने हाक मारणारेच लोक आहोत. रिक्षावाला ‘दादा’, भाजीवाली ‘मावशी’, एसटीतले म्हातारे ‘बाबा’.

मात्र आपल्या या नात्यांकडे जरा बारकाईने पाहावे. कोणत्याही रुग्णालयात झाडू-पोछा करणाऱ्या बाईला सगळे ‘मावशी’ म्हणतात आणि स्ट्रेचर ओढणाऱ्याला ‘मामा’. पण त्यापुढचे वाक्य ऐका. “ए मावशी, इकडं ये. हे उचल.” मावशी आपल्या आईच्या वयाची असते आणि बोलणारा विशीतला. खऱ्या मावशीला तो असे म्हणेल का? आणि त्याच मुलाच्या तोंडी मोठ्या डॉक्टरांसाठी ‘अहो सर, आपण’ असते. म्हणजे शब्द नात्याचा राहिला आणि नाते गळून पडले. कांटचा खुर्दा येथे खोटा निघतो.

सौजन्य एकाच दिशेने वाहत असेल तर ते सौजन्य नसते, ती वेठ असते. एके काळी महाराष्ट्रात दलितांनी वरच्या मानलेल्या जातीच्या माणसाला वाकून ‘जोहार’ करायचा अशी रीत होती. उलट तोच शब्द परत येत नसे. शिष्टाचार काटेकोर होता, पण तो माणसाला त्याची ‘जागा’ दाखवण्यासाठी होता. ‘जय भीम’ हा शब्द वेगळा आहे, कारण त्याला ‘जय भीम’ हेच उत्तर असते. दोघेही सारख्याच उंचीवर उभे राहतात. आदराच्या शब्दासाठी मराठवाड्याने काय काय पाहिले हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि दलितांच्या घरांना आगी लागल्या. प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ‘शब्दांत काय आहे?’ असे त्यानंतर तरी आपण म्हणू नये.

आता आम्ही आपल्याला आणि स्वतःलाही काही प्रश्न विचारतो. तांड्यावरचा बंजारा बांधव ‘जय सेवालाल’ म्हणतो तेव्हा आपण काय उत्तर देतो? नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून माणसे येतात. त्यांच्या ‘सत श्री अकाल’ला आपण तोच शब्द परत देतो, की नुसती मान हलवतो? पलीकडच्या गल्लीतल्या उर्दू बोलणाऱ्या शेजारणीने ईदचा शीरखुर्मा पाठवला, तर रिकामे भांडे परत करताना तिच्या भाषेतले दोन शब्द आपल्याला येतात का? देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि निलंगा-उदगीरकडे कन्नड कानावर पडते. त्या भाषांत ‘बसा, पाणी घ्या’ कसे म्हणतात? मुलगा परदेशात निघाला की आपण त्याला सेबुआनो शब्द लिहून देतो, कारण तेथे त्याचे काम अडेल. येथे आपले काम अडत नाही, म्हणून आपण शिकत नाही. ज्याच्याकडून फायदा असेल त्याच्याच भाषेत गोड बोलावे, हा दुकानदाराचा हिशेब झाला. अक्विनास ज्या देण्याविषयी बोलतात त्याचा फायद्याशी संबंध नाही.

काही जण असेही म्हणतील की आपल्या मराठी घरांत आभार मानण्याची पद्धतच नाही. आईने ताट वाढले आणि मुलाने ‘धन्यवाद’ म्हटले तर आईच म्हणेल, “परकी समजतोस का मला?” हे खरे आहे. ‘आभार’ या शब्दातच ‘भार’ ऐकू येतो, आणि आपल्या माणसांत तो भार नको वाटतो. पण अक्विनास कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगतात: उपकार ओळखणे, शब्दांनी आभार मानणे आणि जमेल तशी परतफेड करणे. घरात मधली पायरी गाळली तर चालते. पहिली गाळून चालत नाही. आईचे कष्ट दिसत असूनही मूल काही बोलत नाही, ते प्रेम. कष्ट दिसतच नाहीत म्हणून बोलत नाही, तो आंधळेपणा. बाहेरून दोन्ही गप्प बसणी सारखीच दिसतात. त्यातली आपली कोणती, हे ज्याचे त्याने पाहायचे.

शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची हकीकत आहे. दहाही जण बरे झाले. आभार मानायला एकच परत फिरला, आणि तो शोमरोनी होता, परका होता. बाकीचे नऊ कृतघ्न होते असे म्हणण्याची आपल्याला घाई होते. कदाचित त्यांना ते आपल्या हक्काचेच वाटले असेल. ज्याला येथे आपला काही हक्क नाही असे वाटत होते, त्याला मिळाले ते मिळाले म्हणून दिसले. परक्या देशात अडखळत ‘सालामात’ म्हणणाऱ्या आपल्या मुलांना हेच शिकायला मिळते. मिळालेले पाणी, सांगितलेला रस्ता, वाट पाहून थांबवलेली बस, यांतले काहीच आपल्या हक्काचे नव्हते हे त्यांना तेथे कळते. ते कळायला दावाओला जावे लागू नये.

तेव्हा या आठवड्यासाठी एक छोटे काम. ज्यांची मुले फिलिपिन्सला किंवा आखातात फिलिपिनो सोबत्यांबरोबर आहेत, त्यांनी वरचे सेबुआनो शब्द मुलांना फोनवर विचारावेत. उच्चार त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावेत आणि त्यांना हसू द्यावे. बाकीच्यांनी शेजारच्या एका घरच्या भाषेत तीन शब्द शिकावेत: भेटल्यावरचा, मागतानाचा आणि मिळाल्यावरचा. ते कोशात पाहू नयेत, त्या घरी जाऊन विचारावेत. आणि रुग्णालयात, शाळेत, बँकेत जी ‘मावशी’ भेटेल, तिला हाक मारल्यावर पुढच्या वाक्यात ‘या’ म्हणावे, ‘ये’ नव्हे.